संशयित आरोपीचे नाव आणि फोटो: कायदा कुठे झाकतो, कुठे झाकत नाही (कोकणातल्या व्यवहारासह)

भरतीओहोटी

गोवा बनावटीची दारू, व्हेलची उलटी, खवले मांजराचे खवले. आपल्या पट्ट्यात यातले काही पकडले की तासाभरात ग्रुपवर फोटो येतो. टेबलावर मुद्देमाल मांडलेला, मागे पथक उभे, पुढ्यात जमिनीवर बसवलेले तिघे. कधी तोंडावर काळा बुरखा, कधी नुसता रुमाल, कधी काहीच नाही. खाली नाव, वय, वाडी, गाव, तालुका. शहरात एवढ्यावर माणूस सापडत नाही. आपल्याकडे आडनाव आणि वाडी एकत्र आली की घर कोणते ते सांगावे लागत नाही. पुढे काही वर्षांनी तो निर्दोष सुटला तर ती बातमी कुणी फिरवत नाही.

विचारायचे ते हे: गुन्हा सिद्ध होईपर्यंत नाव गुप्त राहण्याचा हक्क आपल्या कायद्यात आहे का? कोणाला, किती, कोणत्या टप्प्यापर्यंत? नसेल तर असावा का? जाणकारांनी कलमांसकट लिहावे. चालू प्रकरणातली नावे-गावे कृपया इथे नकोत.

ओरोसचा वकील

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या संशयिताला असा सरसकट हक्क नाही. उलट कायदाच त्याचे नाव फलकावर लावायला सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ पाहा. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमायचा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची नोंद त्याने ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल स्वरूपातही चालेल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे जिल्हा नियंत्रण कक्षाच्या फलकापुरते होते. १ जुलै २०२४ पासून ते ठाण्याच्या दारापर्यंत आले.

हे कलम कुणाची अब्रू घालवायला आलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालात (डिसेंबर १९९६) कोठडीतले मृत्यू आणि बेपत्ता माणसे समोर ठेवून अटकेचे नियम घातले गेले, त्यांतून हा फलक आला. माणूस उचलला आणि कुठे ठेवला याचा पत्ताच नाही, असे होऊ नये म्हणून. त्यामुळे ‘अटकेतल्याचे नाव पूर्ण गुप्त ठेवा’ अशी मागणी करणाऱ्याने थोडे थांबावे. नाव कुठेच नसलेला अटकेतला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो.

नाव झाकणाऱ्या तरतुदी विखुरलेल्या आहेत: अल्पवयीन मुले, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार, पीडितेची ओळख झाकताना आपोआप झाकला जाणारा आरोपी, आणि न्यायालयाने एखाद्या प्रकरणापुरता दिलेला आदेश. चौथ्याचा आधार सहारा विरुद्ध सेबी हा २०१२ चा घटनापीठाचा निकाल. खटल्यावर खरोखर आणि मोठा परिणाम होण्याचा धोका दाखवला तर न्यायालय प्रसिद्धी काही काळ पुढे ढकलू शकते. पण हा आदेश मागावा लागतो, आणि तो तात्पुरता असतो.

रानमोगरा

ठाण्याबाहेरच्या फलकाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला तर गुन्हा होतो का? आणि एफआयआर तर ऑनलाइनच असते ना?

ओरोसचा वकील

एफआयआरबद्दल आधी. यूथ बार असोसिएशन प्रकरणात ७ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावी. दुर्गम भाग किंवा नेटवर्कची अडचण असेल तर ४८, जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वगळून. आपल्याकडे ती राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर दिसते. न चढवण्याचा निर्णय उपअधीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याला घेता येत नाही. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो: या आदेशाचा मूळ लाभार्थी आरोपीच आहे. आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला कळावे, अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता यावा, यासाठी ही सोय. तीच पीडीएफ ग्रुपवर फिरते आणि तिच्यात पत्ता, वडिलांचे नाव, कधी मोबाइल क्रमांकही असतो.

फलकाचा फोटो जसाच्या तसा पुढे पाठवला तर ‘या माणसाला या कलमाखाली अटक झाली’ एवढे खरे विधान पुढे गेले. गडबड होते ती वर जोडलेल्या ओळीने. ‘दारू तस्कर अखेर सापडला’ लिहिले की तुम्ही निकाल दिलात. भारतीय न्याय संहितेचे (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५६, बदनामी: दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. न्यायालयाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्ताला त्यात अपवाद आहे, पण तो न्यायालयाच्या कामकाजाला. पोलिसांची प्रेस नोट म्हणजे न्यायालयाचे कामकाज नव्हे. तिथे सद्भाव आणि लोकहित सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

निवृत्त ठाणे अंमलदार

चेहरा झाकण्याबद्दल लिहितो, कारण यात सगळ्यात जास्त घोटाळा आहे. लोकांना वाटते आरोपीची अब्रू वाचवायला बुरखा घालतात. मुख्य कारण ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने इतर माणसांत उभ्या केलेल्या संशयिताला ओळखणे. केंद्रीय गृह मंत्रालयाने १ एप्रिल २०१० ला सर्व राज्यांना पोलिसांच्या माध्यम धोरणाबद्दल सूचना पाठवली. अटकेतल्या माणसाची माध्यमांसमोर धिंड नको, आणि ज्याची ओळख परेड व्हायची आहे त्याचा चेहरा माध्यमांना दिसता कामा नये, हे त्यात स्पष्ट आहे. पण ती सूचना आहे, कायदा नव्हे. मोडली तर खातेनिहाय कारवाई होईल, आरोपीला आपोआप काही मिळत नाही. १३ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही गृह मंत्रालयाला पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी सविस्तर नियमपुस्तिका करायला सांगितले.

परेडची रीत अशी. अटक झाल्या क्षणापासून चेहरा झाकायचा. गाडीतून उतरवताना, वैद्यकीय तपासणीला नेताना, न्यायालयाच्या आवारात, सगळीकडे. तशी नोंद स्टेशन डायरीत करायची आणि रिमांड अर्जात ‘ओळख परेड बाकी आहे’ लिहायचे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ खाली न्यायालयाची परवानगी घ्यायची आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे व्यवहारात तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांना, पत्र द्यायचे. न्यायालयीन कोठडी झाली की कारागृहात परेड होते. आपल्याकडे म्हणजे सावंतवाडी, रत्नागिरी किंवा अलिबाग.

उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका संशयितासोबत किमान सहा माणसे उभी करायची. दोन संशयित असतील तर दहा-बारा. एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. वय, बांधा, रंग, दाढी-मिशी यांत साम्य हवे. संशयिताने कुठे उभे राहायचे ते त्याने ठरवायचे, कपडे बदलायचे असतील तर बदलू द्यायचे, एक साक्षीदार गेला की जागा बदलायची मुभा विचारायची. दोन पंच. पोलीस खोलीत थांबायचे नाहीत. एका साक्षीदाराची दुसऱ्याशी गाठ पडता कामा नये.

आता बिघडते कसे ते पाहा. बुरखा आहे, पण अंगात गावच्या गोविंदा पथकाचा टी-शर्ट, पाठीवर मंडळाचे नाव. किंवा हातावर गोंदण, मनगटात चांदीचे कडे. किंवा मागे जप्त मोटारसायकल आणि तिची नंबर प्लेट. साक्षीदाराने तो फोटो मोबाइलवर पाहिला आणि उलटतपासात बचाव पक्षाने विचारले, ‘परेडआधी फोटो पाहिला होता का?’ साक्षीदार ‘हो’ म्हणाला की परेडची किंमत गेली. मग उरते न्यायालयातली ओळख, तीही डागाळलेली. खरा गुन्हेगार असेल तर फोटो काढणाऱ्यानेच त्याला सोडवला असे समजा.

आणि साक्षीदार व संशयित एकाच वाडीतले, लहानपणापासून ओळखणारे असतील तर परेडला अर्थच नसतो. आपल्या गावांत बऱ्याच गुन्ह्यांत हेच असते. तिथे ‘परेड नाही, मग बुरखा कशाला’ म्हणून फोटो काढतात. म्हणून अब्रूचा प्रश्न परेडच्या नियमांनी सुटत नाही, हे मान्य करायला हवे.

तालुका वार्ताहर

गृह मंत्रालयाच्या त्याच सूचनेत आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे: माहिती द्यायचे टप्पे. गुन्हा दाखल, अटक, दोषारोपपत्र, निकाल. मधल्या काळात रोज ‘धक्कादायक खुलासा’ देणे त्यात बसत नाही. बातमी लिहिणाऱ्यांनी हेच चार टप्पे पाळले तर निम्मे नुकसान टळते, आणि चौथा टप्पा पाळणे ही आपली जबाबदारी आहे, पोलिसांची नव्हे.

मुंबई उच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०२१ चा नीलेश नवलखा निकाल प्रत्येक वार्ताहराने वाचायला हवा. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांचा. तपास चालू असताना काय टाळावे याची यादीच त्यात आहे: आरोपीचे छायाचित्र छापून त्याची ओळख सोपी करणे, चारित्र्यावर लिहिणे, साक्षीदारांच्या मुलाखती घेणे, घटनेचे नाट्यरूपांतर, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा असल्यासारखी छापणे.

शेवटचे तर आपल्या पानांवर रोज दिसते. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग ग्राह्य. वाचकाला हे न सांगता ‘कबुली’ छापली की गावाने निकाल लावून टाकलेला असतो.

वाक्य कसे लिहावे? ‘अमुक यांनी काजूच्या बागेत चोरी केली’ नव्हे, ‘काजू बी चोरीच्या गुन्ह्यात पोलिसांनी एकाला अटक केली’. वय आणि तालुका पुरे. वडिलांचे नाव, वाडी, आडनावासकट कुटुंबाचा धंदा, मुलगा कुठल्या शाळेत, यातले काहीही बातमीला लागत नाही. आरोपी फरार असेल तर गोष्ट वेगळी. उद्घोषणा निघाली किंवा पोलिसांनी शोधासाठी फोटो दिला तर तो छापणे लोकहिताचे आहे. पण सापडला त्या दिवशी ते कारण संपले. ऑनलाइन आवृत्तीतला फोटो काढणे कुणाच्या डोक्यात येत नाही.

भरतीओहोटी

अल्पवयीन मुलांबद्दल कुणी सविस्तर लिहील का? यात ग्रुपवरचे लोक फार बेफिकीर असतात.

बालमंडळ सहायक

बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. वर्तमानपत्र, मासिक, दृकश्राव्य माध्यम किंवा ‘संपर्काचा इतर कोणताही प्रकार’, म्हणजे व्हॉट्सॲप आलेच. विधिसंघर्षग्रस्त बालकाचे (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचे) नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करायचा नाही. पीडित आणि साक्षीदार बालकालाही तेच संरक्षण. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलाचे अतिगंभीर प्रकरण बाल न्यायालयाकडे वर्ग झाले म्हणून हे संरक्षण उठत नाही. लोक इथेच चुकतात: ‘आता त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालणार, मग नाव छापायला काय हरकत?’ हरकत आहे.

वय मोजायचे ते गुन्हा घडला त्या दिवशीचे. अटकेच्या दिवशी एकोणीस असेल आणि गुन्ह्याच्या दिवशी सतरा, तरी तो बालकच. गोंधळ होतो तो पोलिसांनी तोंडी विचारून ‘वय १९’ लिहिल्यावर. बातमी गेली, फोटो गेला, आणि आठवड्याने शाळेच्या दाखल्यावरून तो साडेसतरा निघाला. कलम ९४ मधला क्रम पाळा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीसारखी वैद्यकीय चाचणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत पूर्ण. चेहऱ्यावरून सोळा ते एकवीसमधला कुणीही संशयित वाटला तर दाखला हाती येईपर्यंत नाव थांबवा. एक दिवस उशिरा बातमी गेल्याने काही बिघडत नाही.

आणखी दोन गोष्टी, पालकांसाठी. आदर्श नियम २०१६ प्रमाणे किरकोळ आणि मध्यम गुन्ह्यात बालकाविरुद्ध एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद करून बाल न्याय मंडळाकडे अहवाल द्यायचा असतो. अपवाद: गुन्हा अतिगंभीर असेल किंवा प्रौढांसोबत मिळून केलेला असेल. आणि कलम ७४(२): प्रकरण प्रलंबित असो वा निकाली निघालेले, चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी तो अभिलेख द्यायचाच नाही. पुढे नोकरीच्या पडताळणीत जुने प्रकरण निघाले तर हे कलम दाखवून पोलीस अधीक्षकांकडे लेखी हरकत घ्या.

समुपदेशक, चिपळूण

आतापर्यंतची चर्चा आरोपीच्या बाजूने झाली आहे, ती गरजेची आहे. पण दुसरी बाजू मला ठामपणे मांडायची आहे. लैंगिक गुन्ह्यांत आरोपीचे नाव बाहेर आल्यावर दुसरी, तिसरी बाई पुढे येते. ‘माझ्या एकटीबरोबर नाही झाले’ हे कळल्याशिवाय तक्रार करायला पाय उचलत नाही. इंग्लंडमध्ये हा प्रयोग झालेला आहे. १९७६ च्या कायद्याने बलात्काराच्या तक्रारदार स्त्रीबरोबर आरोपीलाही निनावीपण दिले, आणि १९८८ मध्ये आरोपीचे ते काढून घेतले. सरसकट गुप्ततेची मागणी करणाऱ्यांनी हा इतिहास बघावा.

पोक्सोचे मात्र वेगळे. कलम २३ प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, काहीही छापायचे नाही. किमान सहा महिने, कमाल एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आरोपी बाप, काका, सावत्र भाऊ असेल तर त्याचे नाव छापणे म्हणजे मुलीचे नाव छापणे. शहरातल्या बातमीदाराला पटकन कळत नाही ते आपल्याकडचे: ‘अमुक वाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाला अटक’. ती शाळा एक किंवा दोन शिक्षकी, पट नऊ-दहा, त्यात मुली चार. शिक्षकाचे नावही दिले नाही तरी संध्याकाळपर्यंत गावाला मुलगी माहीत झालेली असते. अशा बातमीत शाळेचे आणि गावाचे नाव नको, ‘तालुक्यातील एका शिक्षकाला’ एवढेच. प्रौढ पीडितेसाठी न्याय संहितेचे कलम ७२ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. निपुण सक्सेना निकाल (डिसेंबर २०१८) सांगतो की दुरून ओळख पटेल असा तपशीलही चालणार नाही. आरोपी नवरा असेल, एकाच घरातला दीर असेल, तर त्याचे नाव थांबते ते तिच्यासाठी. त्याचा उपकार त्याला मिळतो, पण हेतू तो नाही.

कुडाळची कांचन

ताई, कामाच्या ठिकाणच्या तक्रारीत मात्र ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचेही नाव गुप्त असते ना? आमच्याकडे काजू प्रक्रिया युनिटमध्ये दहाहून कमी कामगार आहेत, अंतर्गत समिती नाही.

समुपदेशक, चिपळूण

हो. २०१३ च्या कायद्याचे कलम १६. तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख, समेटाची व चौकशीची कार्यवाही, काहीही प्रसिद्ध करायचे नाही. माहिती अधिकारातही मिळत नाही. प्रौढ संशयिताचा स्पष्ट उल्लेख करून त्याला संरक्षण देणारी आपल्याकडची ठळक तरतूद हीच. चौकशीचे काम सोपवलेल्याने फोडले तर नियम १२ प्रमाणे पाच हजार रुपये वसूल होतात. या कायद्याखालच्या प्रकरणांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. गौतम पटेल, सप्टेंबर २०२१) आदेशांत दोन्ही बाजूंची नावे न घालता अक्षरे वापरायची पद्धत घालून दिली.

दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा. घटनेपासून तीन महिन्यांत, सहा प्रतींत, पुरावे आणि साक्षीदारांच्या नावांसह. लक्षात घ्या, त्याच घटनेची पोलिसांत एफआयआर झाली तर तिच्यातल्या त्याच्या नावाला कलम १६ लागू होत नाही. तुमची ओळख मात्र तिथे लागणाऱ्या कलमाप्रमाणे झाकली जाते.

सागरपुत्र

इंग्लंडचा विषय निघाला म्हणून. तिथे १९८८ नंतर सगळे उघडे पडले असे नाही. २०११ च्या शिक्षण कायद्याने विद्यार्थ्याने आरोप केलेल्या शिक्षकाचे नाव रीतसर आरोप ठेवला जाईपर्यंत छापायला बंदी आहे. आणि ब्लूमबर्ग विरुद्ध झेडएक्ससी या फेब्रुवारी २०२२ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तपासाखालच्या माणसाला आरोप ठेवण्याआधी खासगीपणाची वाजवी अपेक्षा असते. जर्मनीत वृत्तपत्रे साधारणपणे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर देतात. आपल्याकडे पुट्टास्वामी निकालाने (२०१७) खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे. मग दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत नाव झाकणारा कायदा का नको?

ओरोसचा वकील

टप्पा बरोबर निवडलात. न्यायालयाच्या अवमानाच्या १९७१ च्या कायद्यातही फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ धरले जाते ते दोषारोपपत्र किंवा समन्स-वॉरंटपासून. म्हणजे सगळ्यात जास्त चिखलफेक होते तो अटक ते दोषारोपपत्र हा काळ, ६० किंवा ९० दिवसांचा, त्याच काळात अवमानाचे कवच सगळ्यात पातळ. नवलखा निकालाने त्या फटीत हात घातला आहे, पण कायदा झालेला नाही.

माझे मत असे. फलकावरचे नाव राहू द्या, ते घरच्यांसाठी आहे. झाकायला हवे ते चेहरा, वडिलांचे नाव, वाडी आणि कबुली. त्यासाठी पोलिसांनी स्वतःहून फोटो देण्यावर बंधनकारक नियम हवा. दोषारोपपत्रापर्यंत संपूर्ण निनावीपण आणले तर उचललेल्या माणसाचा शोध घेणाऱ्या आईलाही ‘गोपनीय आहे’ सांगायला ठाण्याला सबब मिळेल.

निवृत्त ठाणे अंमलदार

वकीलसाहेब, सबबीचा मुद्दा मान्य. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८ प्रमाणे अटकेची माहिती आरोपीने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावीच लागते आणि कुणाला कळवले त्याची नोंद ठाण्याच्या पुस्तकात करावी लागते. नातेवाइकांनी ती नोंद बघायला मागावी. आणखी एक: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हाच नियम नव्हे. कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगता येते (अर्नेश कुमार, २०१४). नोटिशीवर चौकशी झाली तर फलक नाही आणि फोटोही नाही. वकिलाने पहिल्याच दिवशी हे लेखी मांडावे, अब्रू वाचवण्याचा हाच सगळ्यात स्वस्त मार्ग.

गावकीचा पोर

नाव फुटल्यावर गावात होते ते कायद्याच्या पुस्तकात कुठे बसते? पालखीचा मान काढून घेतला, पाणवठा बंद, लग्नाला जायचे नाही, दुकानातून माल नाही. रायगडात तर गावकीने वाळीत टाकल्याची प्रकरणे कितीतरी गाजली.

ओरोसचा वकील

बसते. सामाजिक बहिष्कारविरोधी महाराष्ट्राचा कायदा, २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पोलीस ‘गावात मिटवा’ म्हणाले तरी तक्रार घ्यायलाच हवी. न घेतल्यास थेट प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तक्रारीत मोघम ‘त्रास देतात’ लिहू नका. कोणत्या बैठकीत, कोणत्या तारखेला, कोणी ठराव मांडला, कोणता मान किंवा व्यवहार बंद झाला, दंडाची रक्कम सांगितली का, हे लिहा. बैठकीचे इतिवृत्त, ग्रुपवरचा निरोप, वर्गणी परत केल्याची पावती जोडा. आरोपी असलेल्या माणसालाही हा कायदा तितकाच लागू आहे. फौजदारी खटला चालू आहे म्हणून गावकीला शिक्षा देण्याचा अधिकार येत नाही.

दर्यावर्दी

जहाजावर जाणाऱ्या पोरांसाठी: पासपोर्ट नाकारण्याचे, पासपोर्ट कायद्याचे कलम ६(२)(फ) लागते ते फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असेल तेव्हा. नुसती एफआयआर आणि तपास चालू असणे त्यात येत नाही. दोषारोपपत्राची न्यायालयाने दखल घेतल्यावर मात्र परदेशी जायला न्यायालयाच्या परवानगीचा आदेश लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट एक वर्षाचाच मिळतो, म्हणून अर्जात करारभर मुदतीची मागणी स्पष्ट लिहा. अर्जात माहिती लपवू नका, लपवली तर तो वेगळा गुन्हा.

रानमोगरा

ग्रुप ॲडमिनची जबाबदारी किती?

तालुका वार्ताहर

नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान हेतू दिसला पाहिजे. टाकणारा आणि पुढे पाठवणारा मात्र स्वतः जबाबदार. अल्पवयीन किंवा पीडितेची ओळख असलेली पोस्ट दिसली तर ॲडमिनने ‘सर्वांसाठी डिलीट’ करावी आणि टाकणाऱ्यालाही फोनमधून काढायला सांगावे.

भरतीओहोटी

शेवटचा प्रश्न. सुटल्यावर इंटरनेटवरचे नाव कसे काढायचे?

ओरोसचा वकील

आधी कागद ओळखा. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस न्यायालयाकडे ‘अ’ समरी मागतात (गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही), ‘ब’ (तक्रार खोटी आणि द्वेषाने केलेली), किंवा ‘क’ (गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची). न्यायालयाने मंजूर केल्याचा आदेश मिळाला तरच कागदाला वजन. खटला पुढे गेला असेल तर दोषमुक्तीचा किंवा निर्दोष सुटकेचा निकाल. कुठलाही असो, प्रमाणित प्रत दोन संच काढा आणि अपिलाची मुदत संपू द्या.

मग बातमी छापणाऱ्या प्रत्येक ठिकाणी लेखी पत्र: मूळ बातमीची तारीख आणि दुवा, निकालाची तारीख, खटला क्रमांक, आणि मागणी एकच, ‘याच बातमीच्या वर निकाल जोडा’. पूर्ण काढून टाका म्हटले की संपादक हट्टाला पेटतो, निकाल जोडा म्हटले की बहुधा ऐकतो. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा करायचा असेल तर लेखी बदनामीला प्रसिद्धीपासून फक्त एक वर्षाची मुदत आहे. निकालाची वाट पाहत बसाल तर ती संपते. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे.

निकालांच्या संकेतस्थळांवरून नाव झाकण्याबाबत न्यायालयांचे एकमत झालेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्याला अंतरिम दिलासा दिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव झाकायला सांगितले, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अर्ज करायचाच असेल तर रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी आता मुंबईला हेलपाटे घालायचे कारण नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू आहे. रायगडचे मात्र मुंबईलाच. याचिकेच्या शीर्षकातच नावाऐवजी अक्षर वापरण्याची परवानगी मागणारा अर्ज पहिल्याच दिवशी सोबत लावा. नाहीतर नाव झाकायची याचिकाच नाव शोधणाऱ्याला सगळ्यात वर दिसते.